तीन बोटं

परदेशी कंपन्यांचे खटले लढवण्यात माझी वीस वर्षं गेली. न्यायाधीश एका देशात, साक्षीदार दुसऱ्या देशात, मध्ये स्क्रीन आणि दुभाषी. उलटतपासणीत साक्षीदार घाबरतात आणि नको ते बरळून बसतात, म्हणून मी एक युक्ती शोधून काढली होती. प्रश्न आला की टेबलाखाली अंगठा तीन बोटांना एकेक करून लावायचा आणि मगच तोंड उघडायचं. तेही विचारलं तेवढ्यापुरतंच.

घरी मी या युक्तीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कोर्ट उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा आमचा लग्नापासूनचा नियम. साक्षीदार सोडले तर ती युक्ती शिकवली फक्त माझ्या ज्युनिअरला. धाकट्या बहिणीसारखं हाताला धरून घडवलं तिला. हल्ली साक्षीदारांची तयारी तीच करून घेते.

दोन दिवसांपूर्वी एका सुनावणीसाठी परदेशी गेले होते; काल ती पुढे ढकलली गेली, म्हणून मी न कळवताच घरी परतले. नवऱ्यासमोर चहाचा कप ठेवता ठेवता सहज विचारलं, "अरे, दोन दिवस फोन का उचलत नव्हतास? होतास कुठे?"

एरवी प्रश्न संपायच्या आत दहा सबबी सांगणारा हा माणूस एकदम गप्प झाला. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा पहिल्या बोटाला लागला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"घरीच होतो," तो म्हणाला.





साक्षीदाराची तयारी अगदी चोख झाली होती. शेवटी शिष्या कुणाची!