रांजणाच्या तोंडाशी

एल्गुजाच्या पत्राला बेसोनं उत्तर दिलं नव्हतं. गावाकडे काखेतीतल्या मेंढपाळांकडेही मोबाइल आले असताना थोरल्या भावानं त्याला राजधानीत, तिबिलिसीला, पत्र धाडावं, हेच त्याला चमत्कारिक वाटलं होतं. मजकूर थोडाच होता. बाबांचा मोठा रांजण यंदा पुन्हा भरायचा आहे. आत मी उतरेन. तू फक्त तोंडाशी बस.

उन्हाळाभर पत्र शब्दकोशात पडून राहिलं. मग सुगी आली आणि तो न कळवताच बसमध्ये चढला. मास्तरकी संपली होती, वय झालं होतं, आणि भावाला एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

त्यांच्या घरी वाइन बापजाद्यांच्या रीतीनं होई. द्राक्षं सालीबियांसकट जमिनीत पुरलेल्या रांजणात घालायची. पंप नाही, पावडरी नाहीत. रांजण धुवायचा तर एकानं अरुंद तोंडातून आत उतरायचं, चेरीच्या झाडाच्या सालींच्या कुंच्यानं घासायचं, आणि घासताना गात राहायचं. दुसऱ्यानं वर बसायचं. शेजारच्या रांजणांत रस आंबत असला की त्याची जड हवा जमिनीलगत सरकत येते आणि रिकाम्या रांजणात साचते; तिच्यात माणूस गुदमरतो. गाणं थांबलं की वरच्यानं दोर ओढायचा. त्यांचा बाप संड्रो कानाच्या पक्क्या माणसालाच तोंडाशी बसवी. जो तिथं बसे, पुढे रांजणघर त्याचं.

तरुणपणी एल्गुजा लष्कराच्या तोफखान्यातून सुटून घरी आला त्याच सुगीत संड्रो आत उतरला. वर एल्गुजा होता. गाणं थांबलेलं बेसोला अंगणात कळलं. तो धावत रांजणघरात गेला, तेव्हा एल्गुजा रांजणाच्या तोंडाशी बसून शांतपणे द्राक्षं निवडत होता. बेसोनं दोर ओढला, पण बाप गेला होता.

त्यानंतर बेसो त्या घरात राहिला नाही.

बसमधून उतरताच शेजारचा वाझा भेटला. म्हणाला, "आलास का मास्तर? तुझ्या भावाला पाठीमागून हाक मारू नकोस हो, साहेब वळत नाहीत. माज आहे, माज. वाइन मात्र देवाघरची करतो."

एल्गुजा अंगणात वेलींच्या काटक्या तोडत होता. बेसोनं फाटकातून दोनदा हाक मारली. कोयता चालतच राहिला. शेवटी सावली पुढे पडली तेव्हा एल्गुजा दचकून वळला आणि त्यानं भावाला छातीशी धरलं. पत्राचा विषय त्यानं काढला नाही. बोलताना तो डोळ्यांत पाहत नव्हता, ओठांकडे पाहत होता. थोबाडीत मारण्याआधी माणूस पाहतो तसं.

जेवणाआधी तो चुलीवर पाव शेकत पाठमोरा उभा होता. बेसोनं धीर केला.

"दादा, बाबांचं गाणं थांबलं तेव्हा तू दोर का ओढला नाहीस?"

एल्गुजानं पाव उलटला. दुसरी बाजू शेकली. मग ताटात पाव आणि चीज ठेवून म्हणाला, "खा, थंड होईल."

बेसोनं ताट बाजूला सारलं. कबुली याहून वेगळी काय असते?

सकाळी द्राक्षांच्या टोपल्या भरून आल्या. एल्गुजानं रांजणात उतरून पाहिलं, पण खांदे तोंडातच अडकले. म्हातारपणी तो रुंद झाला होता. बेसो काटकुळा. टोपल्यांवर माश्या घोंगावत होत्या. रांजण आज भरला नाही तर माल सडणार होता.

"राहू दे. द्राक्षं गेली तर गेली. तू उतरू नकोस," एल्गुजा म्हणाला.

बापाचा रांजण रिकामा ठेवून परत जायचं आणि वर भित्रा म्हणवून घ्यायचं? बेसोनं कोट काढला. हवा तपासायला एल्गुजानं पेटती मेणबत्ती दोरीनं आत सोडली. ती नीट जळली. मग त्यानं भावाच्या काखेतून जाड दोर बांधला.

"दोर हलता ठेव. हलायचा थांबला की ओढेन."

"आपल्या घरात गातात, दादा."

"गाण्यावर माझा भरवसा नाही."

गाणं नसेल तर बाहेर कुणाला काय कळणार? वाझालाही ऐकू जाईल अशा आवाजात गायचं, असं ठरवूनच तो उतरला.

आत माती ओली आणि गार होती. तो घासत होता, गात होता. वर उजेडाचं वाटोळं भोक, आणि त्यात दोराकडे टक लावून बसलेला भाऊ. बापाचं आवडतं कडवं आलं तेव्हा पायाशी मेणबत्तीची ज्योत आखडली, निळी झाली आणि विझली.

"दादा, ओढ!"

वरचा चेहरा हलला नाही.

"दादा!" बेसो भिंती बडवू लागला, दोराला हिसके देऊ लागला. दोर झुलत राहिला आणि एल्गुजा त्याच्याकडे बघत राहिला. बापानंही शेवटी हेच पाहिलं असेल, असं बेसोच्या मनात आलं. मग त्याचे गुडघे वाकले, हात सुटले आणि दोर स्थिर झाला.

त्याच क्षणी तो वर खेचला गेला. खांद्याची सालटं निघाली. अंगणात हवेशीर जागी तो डोळे उघडून पाहतो, तर एल्गुजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दोर थांबला रे, दोर थांबला."

बऱ्याच वेळानं तो उठला आणि पाठमोरा होऊन दोर गुंडाळू लागला.

"दादा, मी तुला हाका मारत होतो," बेसो मागून म्हणाला. मग तेच मोठ्यानं म्हणाला. एल्गुजा दोर गुंडाळत राहिला. बेसोला तोफखाना आठवला, चुलीवरचा पाव आठवला. मग त्यानं कोट चढवला आणि तो गावातल्या टपाल कचेरीत गेला.

पाकिटावरचा पत्ता वाचून खिडकीवरच्या एतेरीबाईंना हसू आलं. "मास्तर, हे तर तुमचंच घर की. टपालाच्या आधी तुम्ही पोचाल. तोंडानंच सांगा ना भावाला."

बेसोनं तिकीट चिकटवलं आणि पाकीट पेटीत टाकलं. आत एवढंच लिहिलं होतं: "दादा, तुझं पत्र मिळालं. यापुढे रांजणाच्या तोंडाशी मी बसेन. मला ऐकू येतं."