दार लागेना

ज्वालामुखीच्या काळ्या दगडांतून समुद्राकाठाने उतरणारी ती वाट थेट बसथांब्यावर यायची. शिंपीणबाईच्या बुटांत दर वेळी खडी शिरायची आणि ती झाडायला बाई वाटेतच बसकण मारायची. मग नवरा पुढे पळायचा आणि बसच्या पायरीवर एक पाय रोवून उभा राहायचा, म्हणजे ड्रायव्हरला दार लावता येत नसे. "तुझे खडे संपेपर्यंत माझ्या पायाला मुळं फुटतील," असं वर ऐकवायचा.

तो गेल्यावर आज ती पहिल्यांदाच एकटी आली होती.

वरून तिला बस दिसली. दार सरकलं, अर्ध्यावर कशाला तरी अडलं आणि परत उघडलं. पुन्हा तसंच. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने रिकाम्या पायरीवरून हात फिरवला आणि जागेवर जाऊन बटण दाबलं.

दार पुन्हा अडलं.

"चला हो बाई," त्याने हाक मारली, "नाहीतरी दार लागत नाहीये."

ती धावत सुटली, आणि थांब्याच्या जरा अलीकडे थबकली. आपण चढलो, की तो पाय काढून घेणार.

आज बुटांत एकही खडा नव्हता. ती दगडावर बसली आणि सावकाश नाड्या सोडू लागली.