सहा चेंडू, एक स्टंप

टॉसला पंचवीस मिनिटं उरली होती आणि कोच मेरिटला फक्त सहा चेंडू टाकून घ्यायचे होते.

सीमारेषेबाहेर, कुंपणालगत, एकच स्टंप रोवला होता. दुखण्यातून उठलेल्या फास्ट बोलरची ब्रिजटाउनला अशीच परीक्षा घेतात. सहा चेंडू, पूर्ण वेगात. कोच उभा राहतो तो बोलरचा पुढचा पाय जिथं आदळतो तिथं, वाकून. चेंडूकडं तो बघतही नाही. सेसिल मेरिटनं इस्त्रीची पांढरी पॅंट सावरत गुडघ्यांवर हात टेकले. "टाक बाबा," तो म्हणाला. आवाजात साखर होती. असणारच. फायनल होती, समोर जमैकावाले होते, आणि आज हरला तर मेरिटची खुर्ची जाणार हे बोर्डाच्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. त्याच्या बाजूला आपल्याच संघाची फिजिओ मिस यरवुड खेळाडूंच्या दुखण्याची नोंद करायचा कागद घेऊन उभी होती.

डेल्विन गिटन्स आपल्या खुणेपर्यंत सावकाश चालत गेला. वय चौतीस. अकरा मोसमांतले पाच खेळला, बाकीचे सहा प्लास्टरमध्ये. घोटा, खांदा, पोटरी, पुन्हा घोटा. रमच्या दुकानात लोक पैजा लावायचे, यंदा कुठलं हाड. त्याचं त्याला काही वाटत नसे, माणसं आपलीच. एक गोष्ट मात्र त्याच्या मनातून गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी कंबर धरून तो याच मेरिटला म्हणाला होता, दुखतंय, आज नको. एक्स-रे साफ आला. मेरिटनं इंजेक्शन द्यायला लावून त्याच्याकडून अठरा षटकं टाकून घेतली आणि संध्याकाळी पेपरवाल्यांना सांगितलं, गिटन्सला काही झालेलं नाही, त्याचं दुखणं डोक्यात आहे. आठ दिवसांनी मोठ्या मशीनमध्ये मणक्याची चीर दिसली. पण तोवर ते वाक्य बेटभर झालं होतं. मासळीबाजारात बायका त्याच्या आईला विचारायच्या, पोराचं डोकं कसं आहे आता?

पहिला चेंडू स्टंपवरून सणसणत गेला. दुसरा चाटून. तिसऱ्याला कुंपणापलीकडं माशाची भजी तळणाऱ्या बाईनं झारा कढईत तसाच सोडला आणि शेजारणीला म्हणाली, अगं, हा तर आपला जुना गिटन्स. चौथा, पाचवा. पाय जमिनीवर आदळायचा तो धप्प, भरीव. सहावा यॉर्कर होता. स्टंप मुळापासून उखडला आणि कोलांट्या खात भजीवालीच्या पुढ्यात जाऊन पडला. कुंपणावरच्या लोकांनी पत्रे बडवायला सुरुवात केली.

कुठंच दुखत नव्हतं. गिटन्सनं मनातल्या मनात घोट्यापासून मानेपर्यंत चाचपून पाहिलं. जन्मभर दगा देणारं शरीर नेमकं आज त्याचं झालं होतं. आणि आज त्याला खेळायचं होतं, अगदी जीव जाईपर्यंत खेळायचं होतं. पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार?

मेरिट धावत आला आणि त्यानं पाठीवर थाप मारली, नेमकी त्या चिरेवर. ती थाप पडली नसती तर काय झालं असतं, देव जाणे.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" मेरिट हसत म्हणाला. "तुला कधीच काही झालेलं नसतं."

गिटन्स गवतावर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

"दुखतंय," तो म्हणाला.

मेरिटला आधी ती गंमत वाटली. मग त्यानं मिस यरवुडच्या कागदाकडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. गिटन्सच्या कमरेनंतर खेळाडूंनी भांडून नियम करून घेतला होता: खेळाडू दुखतंय म्हणाला की त्याचं नाव यादीत नाही, मग कोच काहीही म्हणो. दातओठ खात त्या नियमाखाली मेरिटनंच सही केली होती.

"मिस यरवुड, तुम्ही सांगा ना. एक्स-रे साफ आहे की नाही?"

"साफ आहे," ती म्हणाली. "तेव्हाही साफच होता."

मेरिट त्या पांढऱ्या पॅंटसकट गवतावर गुडघे टेकून बसला. पुढच्या मोसमाचा करार देतो म्हणाला. पेपरवाल्यांना बोलावून माफी मागतो म्हणाला, आज, आत्ता. दोन वर्षं गिटन्स हेच ऐकायला तळमळत होता. आता त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, आणि शांतपणे ती बोटाभोवती गुंडाळत राहिला. कुंपणावर लोक पत्र्यांच्या ठेक्यात त्याचं नाव घेत होते. ते त्यानं मन भरून ऐकलं. डोळे भरून आले, तेही त्यानं पुसले नाहीत. पलीकडं राखीव बोलर क्लेअरमॉन्ट घाईघाईनं बूट चढवत होता.

"अरे, पण कुठं दुखतंय ते तरी सांग," मेरिट म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

गिटन्सनं वर पाहिलं आणि दोन बोटं कपाळाला लावली.

मिस यरवुडनं पेनाचं टोपण काढलं आणि तसंच लिहून घेतलं.