भिंतीवरची मांजर

तो मनोरुग्णालयातून घरी आल्यापासून बहीणभावांचा एक करार होता: समोरचं खरं की भास, हे कळेनासं झालं की त्याने विचारायचं आणि ताईने खरं तेच सांगायचं. चित्रं काढू लागल्यावर त्याला सकाळी उठायला कारण मिळालं होतं, प्रश्नही कमी झाले होते. आज खिडकीबाहेरच्या भिंतीचं चित्र संपवताना त्याने विचारलं, “ताई, भिंतीवर मांजर आहे?” तिने बाहेर पाहिलं. “नाही रे.” तो गारच पडला. कागदावर पिवळी मांजर ऐसपैस बसली होती. “मग ही कुठून आली? पुन्हा सुरू झालं का?” “असेल मघाशी, गेली. ती काय पगारी आहे, बसून राहायला?” “आणि नसलीच तर?” मांजर पुसायला त्याने ओलं फडकं उचललं. ताईने त्याचा हात धरला, चित्र न्याहाळलं. “मिशा राहिल्यात की हिच्या.”