त्याला पाणी दिलं का?

तेराव्याची पंगत उठली, तशी शिमोग्याच्या त्या ओसरीवर निवृत्त डीआयजी हेगडेसाहेबांच्या दराऱ्याच्या गोष्टी रंगल्या. त्यांच्या बायकोला, गिरिजम्मांना राहवेना.

"तुम्ही नुसती वर्दी पाहिलीत. शेवटी शेवटी माझं नावसुद्धा विसरले होते; पण दारात कुणीही येवो, अगदी मीटरवाला आला तरी विचारायचे, 'त्याला पाणी दिलं का?' मी 'दिलं हो' म्हणेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा."

"केवढी माया!" नणंदेनं डोळे टिपले.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या हवालदारापुढे पाण्याचा लोटा ठेवत गिरिजम्मांनी विचारलं, "तिम्मप्पा, तुम्ही जन्म काढलात त्यांच्या हाताखाली. ठाण्यातही असेच होते ना?"

तिम्मप्पानं लोट्याला हात लावला नाही. हळूच म्हणाला, "कोठडीत एक जण मार खाऊन पडला होता, अम्मा. पाणी पाणी करत होता. मी तांब्या भरून नेला, तर साहेबांनीच मला दारातून परत फिरवलं. सकाळी तो उठलाच नाही."

मग हात जोडून तो जायला निघाला.

"तुम्ही रोज 'दिलं' म्हणालात, ते बरं केलंत."