चुडामण आबाचा घास

चुडामण आबा घास हातात धरून बसला होता. केळीच्या पानावर भरीत, वर तेल सुटलेलं. समोरची अख्खी पंगत हात आखडून त्याच्या गळ्याकडं बघत होती.

"खाय ना बाप्पा," पंगतीतला पुना म्हणाला. "गार झालं तं तूच शिव्या देशीन."

आता भरीत पार्ट्या हॉटेलात होतात. तेव्हा, नव्वद सालच्या आसपास, असोद्याच्या मळ्यात व्हायच्या, आणि त्या चुडामण आबाच्याच. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची त्यानं, ठेचायची त्यानं. दुसऱ्या कोणी हात लावला तर खेकसायचा. पण मधेच त्याचा गळा रुसला. घास छातीशी अडायचा, माघारी यायचा. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. टाके सुकले, घास अडायचा तो अडायचाच. मग कित्येक वर्षं नुसतं दूध अन् पातळ पेज.

भरीत करणं त्यानं सोडलं नाही. चाखणं सोडलं. गिळता येईना, अन् तोंडात घेतलेलं अन्न थुंकणं त्याच्या घरात पाप. मग सगळं वासावर अन् हाताच्या अंदाजावर. पंगत उठताना एकच गजर व्हायचा, "आबा, एक नंबर!" दुधाचा पेला धरून आबा फुलायचा. माणूस त्या गजरावरच जगला. पेजेवर काय जगतो कोणी!

मग एका वर्षी जळगावात एका डॉक्टरनं तोंडातून दुर्बीण घातली, आवळलेल्या जागी फुगा फुगवला. चिरफाड नाही, काही नाही. थोड्या दिवसांनी म्हणाला, "आता मऊ काहीही खा." भरितापेक्षा मऊ काय असतं?

मळ्यातल्या पंगतीला बायका नसायच्या. पण त्या दिवशी वच्छलाबाई आली होती. नवऱ्याचा घास उतरतो का, ते तिला डोळ्यानं बघायचं होतं.

आबानं घास तोंडात घातला. चावला. डोळे मिटून गिळला. अन् तोंड एकदम वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"अडकला वं माय!" वच्छलाबाई ओरडली अन् त्याची पाठ चोळायला लागली.

आबानं तिचा हात बाजूला केला. तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला. तेही गेलं. मग त्यानं पंगतीवर नजर फिरवली. एकेकाची मान खाली गेली.

"अहो, गेला का घास?"

"माह्या गळ्यातून गेला," आबा म्हणाला. "पन इतकं मीठ इतके वरीस तुमच्या गळ्यातून कसं जात व्हतं रे?"