मोरपंखी नखं

रविवारची अख्खी दुपार तिने नखांवर घालवली. आधी पांढरा रंग, त्यावर शिक्क्याने उमटवलेली नाजूक काळी वेल, आणि वेल पुसली जाऊ नये म्हणून श्वास रोखून फिरवलेला, रंग बदलणाऱ्या झिरझिरीत नेलपॉलिशचा थर. बोट असं धरलं की जांभळं, जरा कललं की हिरवं! डाव्या हाताने उजवा रंगवताना तिची जीभ बाहेर आली होती, पण ते पाहायला घरात कोणी नव्हतं.

सोमवारी ऑफिसात ती कधी नव्हे ते हातवारे करून बोलू लागली. साधा चहाचा कपसुद्धा बोटं पसरून धरला. पण कोणाच्या तोंडून एक शब्द निघेल तर शपथ! शेवटी दोनशे पानांचा अहवाल टाइप करायला घेऊन आलेल्या साहेबांच्या नाकासमोरच तिने दहाही बोटं नाचवली.

साहेबांनी ट्यूबलाइटखाली नखं निरखली आणि ते हबकलेच.

"अरे बापरे मॅडम, केवढी काळीनिळी पडलीत! आणि अशा हातांनी कामावर आलात? राहू द्या तो अहवाल. घरी जा, दोन दिवस हात हलवू नका."

तिच्यातली कलाकार जागच्या जागी गारद झाली. तिने साहेबांकडे पाहिलं, मग त्या गठ्ठ्याकडे पाहिलं.



"कपाटाच्या दारात सापडली, साहेब," ती कण्हत म्हणाली. "दहाही."